दर्यापूरचा दर्या

श्रावण तायडे आयुष्यात एकदाच खोटं बोलले, आणि तेही तोंडातून एक शब्द न काढता. एस.टी.त एकोणतीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या माणसाबद्दल असं म्हटलं की ऐकणारा गालात हसतो. पण हसू नका, गोष्ट खरी आहे. ते खोटं एकतीस वर्षं टिकलं, कुणाच्या वाटेत आलं नाही. आणि गेल्या मे महिन्यात, मूर्तिजापूर स्टेशनावर, पहाटेच्या गाडीतून ते खाली उतरलं. एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात नारळाची पिशवी घेऊन.

उतरलेल्या म्हातारीचं नाव गंगूबाई. पण तिच्यापर्यंत पोचायचं तर थोडं मागे जायला हवं.

श्रावणरावांचं गाव खारपिंपळी, तालुका दर्यापूर, जिल्हा अमरावती. हा सगळा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. जमीन काळीभोर, हरभरा पिकतो, कापूस होतो, पण खाली पाणी लागलं की ते खारट. विहीर खणा नाहीतर बोअर मारा, चाखलं की तोंड वाकडंच होणार. माणसं नळाच्या गोड्या पाण्याची वाट बघत बसतात आणि आलेल्या पाहुण्याला तांब्याभर गोडं पाणी देणं हीच इथली मोठी माया. उन्हाळ्यात शेताला अशा भेगा पडतात की शेळीचा पाय अडकावा. समुद्र इथून साडेचारशे-पाचशे किलोमीटर लांब. दर्यापूरच्या नावात दर्या कुठून आला हे कुणालाच नीट सांगता येत नाही, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलेलंही नाही.

अडलं ते फक्त श्रावणरावांचं. म्हणजे खरं तर अडलेलं सुटलं.

एकोणतिसाव्या वर्षी त्यांना एस.टी.त नोकरी लागली ती थेट रत्नागिरी जिल्ह्यात. तिकडे जागा भरत नसत, म्हणून विदर्भातली पोरं तिकडे धाडत. श्रावणरावांनी तोवर समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिलेला. डेपोच्या विश्रांतिगृहात वळकटी टाकून ते खोली शोधू लागले. खोलीवाला आधी नाव विचारी. श्रावण म्हटलं की चेहरा फुले. मग आडनाव. तायडे हे आडनाव तिकडे कुणाच्या ओळखीचं नव्हतं, म्हणून तिसरा प्रश्न येई, "म्हणजे तुम्ही कोण?" श्रावणराव सरळ माणूस, सरळ उत्तर द्यायचे. आम्ही बौद्ध. उत्तर दिलं की ती खोली नेमकी कालच कुणीतरी घेतलेली असायची. पाच दिवसांत सात खोल्या अशा कालच गेल्या.

सहाव्या दिवशी त्यांची ड्यूटी कोंडखारच्या गाडीवर लागली. कोंडखार म्हणजे खाडीच्या तोंडावरची पंचवीस-तीस घरांची वाडी. पुढे रस्ताच नाही, म्हणून गाडी तिथं तासभर थांबे. एप्रिलचं ऊन. श्रावणराव घाम पुसत काठावर उभे होते. तेवढ्यात गुडघाभर पाण्यातून एक बाई वर आली. वय चाळिशीच्या पुढचं, नेसूचा काष्टा ओलाचिंब, खांद्यावर जाळं आणि कमरेला माशांची टोपली. नवरा दर्यात गेल्यापासून त्याचं जाळं ती स्वतःच टाकत होती. बायामाणसांनी जाळं टाकू नये म्हणणारे वाडीत होते. गंगूबाई त्यांना मासे विकत असे, त्यांचं ऐकत नसे.

"नवीन कंडक्टर काय रे तू? गाव कुठलं?"

"दर्यापूर."

"दर्यापूर?" बाईचे डोळे लकाकले. "म्हंजे दर्यावरचाच की रे मेल्या! मग असा पावण्यासारखा काय उभा? धर ही टोपली. ऱ्हायला कुटं?"

श्रावणराव सांगायला निघालेच होते, की बाई, आमच्या दर्यापुरात डबकं सापडायची मारामार. तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात ती पुढचं वाक्य बोलली. "माज्या पडवीला लागून खोली हाय. दर्याच्या माणसाला काय विचारायचं आनि?"

श्रावणरावांनी उघडलेलं तोंड मिटलं. ते खोटं बोलले ते एवढंच.

मग ते निभवावं लागलं. गंगूबाई संध्याकाळी पडवीत मासे साफ करता करता त्यांच्या दर्याची चौकशी करायची. श्रावणरावांना खोटं बोलवत नसे आणि खरं सांगवत नसे, म्हणून त्यांनी मधली वाट काढली. "पाणी खारं काय रे तुमचं?" "खारं म्हणजे, जिभेवर ठेववत नाही." "ओहोटीला किती लांब जातं?" "उन्हाळ्यात लय खोल जाते, मावशी." हे विहिरीबद्दल होतं. "होड्या?" "होड्या कमी." "मासे?" "बाजाराच्या दिवशी येतात." एकेक शब्द खरा होता. मनातल्या मनात ते प्रत्येक उत्तरासाठी तिची माफी मागत, आणि तिनं वाढलेला भात खाली मान घालून खात.

गंगूबाईनं त्यांना कधी नावानं हाक मारली नाही. ती त्यांना दर्यापूर म्हणायची. "ए दर्यापूर, जेवायला ये." "दर्यापूर, छत्री ने, मेल्या." वाडीतल्या पोरांनाही त्यांचं तेच नाव ठाऊक. सात दारांत ज्या माणसाला आडनाव विचारलं गेलं, त्याला आठव्या दारात आडनावच उरलं नाही.

आणि तिनं त्यांना मासे धरायला शिकवलं. दर्यापूरचा माणूस आणि पाग टाकता येत नाही म्हणजे काय, असं तिला वाटे. बाप लवकर गेला असेल, शिकवायला कुणी नसेल, असं तिनंच ठरवून टाकलं. पाग म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं. दोरीचं वेटोळं डाव्या मनगटावर, एक पदर खांद्यावर, शिशाच्या गोळ्यांची कड दातात, आणि कमरेतून गिरकी. जाळं हवेत ताटासारखं उघडलं पाहिजे. श्रावणरावांचं पहिले दोन महिने धुण्याच्या पिळ्यासारखं पडायचं. पण पहिल्यांदा ती कड दातात धरली, तेव्हा जी चव तोंडात आली ती घरच्या विहिरीची होती. घर सोडल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना परकं वाटलं नाही.

उन्हाळ्यातली मासेमारी हे गंगूबाईचं खास शास्त्र. वैशाखात मोठ्या होड्यांपासून मासा लांब जाई, पण काठचं पाणी ती बरोबर ओळखायची. "मासा माणसासारखाच रे. ऊन चढलं की उंबऱ्याभायेर पडत नाय. उजाडायच्या आत त्याला गाठ, नायतर दिवस कलल्यावर." पाणी तापलं की पुलाच्या खांबांची सावली, बुडालेल्या होडीचा पोकळ भाग, खडकाची कपार, काळुंदर मासा तिथं दडून बसतो. पाय उचलून टाकायचा नाही, चिखलातून सरकवत न्यायचा, म्हणजे खाली पाकट मासा असलाच तर बाजूला होतो, नांगी मारत नाही. भरती फिरायच्या घटकेला पाणी क्षणभर गप्प होतं, तेव्हा आपणही गप्प व्हायचं. श्रावणराव ड्यूटीच्या आधी पहाटे तिच्याबरोबर पाण्यात उतरत, आणि पहिल्या गाडीतल्या माणसांना खाकी पँटीला चिखल लागलेला कंडक्टर तिकिटं देई.

वर्षभरानं त्यांची बायको चतुराबाई तिकडे आली. पहिल्याच दिवशी श्रावणरावांनी तिला बजावलं, "आपल्याकडे समुद्र नाई असं इथं बोलू नको." चतुराबाई म्हणाली, "खोटं तुमी बोलले, निस्तरा तुमी. मी आपली गप राहीन." आणि राहिली. त्यांची मुलगी माधवी कोकणातच झाली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण चतुराबाईंची आई त्या लहान असतानाच गेलेली. गंगूबाईनं विचारलंसुद्धा नाही. सव्वा महिना बाळंतिणीला हात गार पाण्यात घालू दिला नाही, दूध यावं म्हणून मुशी माशाचं कालवण रांधलं, पोरीला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. आज माधवी तिवस्याला शाळेत शिकवते, पण माहेर कुठलं म्हटलं की चतुराबाईंच्या डोळ्यापुढे खाडीच येते.

मग त्यांनी सांगितलं का नाही? हा प्रश्न श्रावणरावांनी स्वतःला हजारदा विचारला. पहिलं वर्ष भीती होती, खोली जाईल. नंतर कळलं की खोली जाणार नाही, पण तोवर लाज आड आली. ज्या बाईनं आईसारखं केलं तिला कोणत्या तोंडानं सांगायचं, की मावशी, तुझ्या दारात मी पाऊल टाकलं ते तुझ्या गैरसमजावर? अकरा वर्षांनी बदली झाली, ते दर्यापूर डेपोला आले. निघताना गंगूबाई म्हणाली, "येक दिवस तुजा दर्या बघायला येनार हां मी." श्रावणराव म्हणाले, "ये ना, मावशी." ती येणार नाही याची त्यांना खात्री होती. कोकणातली माणसं चिपळूणच्या पलीकडे जग आहे हे ऐकून असतात, इतकंच.

निवृत्तीनंतर श्रावणरावांनी शेतात शेततळं खणलं आणि बोअरच्या खाऱ्या पाण्यानं भरलं. लोक म्हणाले, हे पाणी पिकाला चालत नाही, ढोरं तोंड लावत नाहीत, करता काय याचं? श्रावणराव गंगूबाईच्या नातीच्या लग्नाला गेले आणि येताना ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत दोनशे काळुंदराची पिल्लं घेऊन आले. गंगूबाईला नवल वाटलं. "तुमच्या दर्यात काळुंदर नाय?" "नाही मावशी." "काय तो दर्या!" ती म्हणाली, आणि पिशव्यांवर स्वतःच्या हातानं ओलं फडकं गुंडाळलं. प्रवासात निम्म्याहून जास्त मेली. उरलेली त्रेसष्ट श्रावणरावांनी तळ्यात सोडली, आणि सावलीला म्हणून चतुराबाईंनी गावभरातून गोळा केलेले फुटके माठ तळाशी ठेवले. वर एका कोपऱ्याला हिरवी जाळी बांधली. मासे जगले. नुसते जगले नाहीत, त्या माठांच्या आत त्यांनी अंडी घातली.

शेजारचे शेतकरी रामराव रोज बांधावरून विचारायचे, "काय तायडेसाहेब, आज भरती हाय का ओहोटी?" गावात तळ्याचं नाव पडलं बंदर. श्रावणराव हसून घ्यायचे. पहाटे पाग टाकायचे, दोन-तीन मासे निघायचे, बाकीचे परत पाण्यात. ती पाग गंगूबाईनं बदलीच्या वेळी दिलेली, तिच्या नवऱ्याची.

आणि मग एप्रिलात फोन आला. गंगूबाईचा नातू अश्विन बँकेत लागला होता आणि पहिलीच नेमणूक मिळाली होती दर्यापूरला. खोली हवी होती. श्रावणरावांचा आनंद पोटात मावेना. "खोली काहून शोधता? माही वरची खोली त्याचीच हाय," ते फोनवर ओरडून म्हणाले. तिकडून गंगूबाईचा आवाज आला. "दर्यापूर, पोराला सोडायला मी सोता येतंय. तुजा दर्या बघीन म्हटलंवतं ना? पंच्याहत्तर सरली. आता नायतर कदी?"

फोन ठेवल्यावर श्रावणराव ओसरीत मटकन बसले. चतुराबाई कणीक मळत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. "कोंबडं झाकून किती वर्सं ठेवलं. आरवलं शेवटी."

"काय सांगू वं तिले?"

"खरं सांगा. दुसरं काय हाय आपल्यापाशी?"

पण फोनवर खरं सांगायचं त्यांना धैर्य झालं नाही. सांगितलं तर म्हातारी यायची नाही, ही भीती. आली आणि पाहिलं तर पुन्हा बोलायची नाही, ही दुसरी भीती. आणि दोन्हींच्या खाली एक लहानशी, सांगायला लाज वाटावी अशी भीती होती. ती आता त्यांना कुठल्या नावानं हाक मारील? दर्यापूर तर म्हणणार नाही. एकसष्टाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरचा माणूस, घरादाराचा, गावात मान असलेला, आणि एका हाकेसाठी त्याची भूक मेली. मे महिना कसा सरकला त्यांचं त्यांना ठाऊक. पारा पंचेचाळिसावर. तळ्याचं पाणी रोज बोटभर उतरत होतं. काठाचं पाणी हाताला चटका देई, मासे माठांत आणि जाळीखाली जाऊन बसले होते, आणि आठ दिवस पाग रिकामीच वर येत होती. निदान म्हातारीच्या ताटात आपल्या पाण्यातला एक मासा पडावा, एवढंच ते मागत होते. कुणाकडे मागत होते हा प्रश्नच होता, कारण त्यांच्या घरात तथागत आणि बाबासाहेब, आणि दोघांनीही स्वतःच्या हातपायांवर भरवसा ठेवायला सांगितलेलं.

आता आपण मूर्तिजापूर स्टेशनावर आलो.

रामरावांनी त्यांची जीप काढली होती. गंगूबाई वाकली होती, पण डोळे तसेच. श्रावणरावांनी पायांना हात लावला तर तिनं पाठीत धपाटा घातला. "किती रोडावलास मेल्या, मासं मिळत नायत काय?" अश्विन मागून सामान घेऊन आला आणि श्रावणरावांच्या कानाशी कुजबुजला, "काका, मी सांगायचा प्रयत्न केला होता, पण आजीला तुमच्याकडूनच ऐकू दे." श्रावणरावांनी गंगूबाईच्या हातातली पिशवी घेतली. पिशवीतून नारळ डोकावत होता, शेंडीसकट सोललेला, त्याला हळद-कुंकू लावलेलं.

"हा कशाले, मावशी?"

"कशाला म्हंजे? परक्या दर्यापुढं रिकाम्या हातानं जातात काय? माज्याच माडाचा हाय."

जीप निघाली. दोन्ही बाजूंना उघडी काळी शेतं, कापसाच्या पऱ्हाट्या उपटून नेलेल्या, नजर पोचेल तिथवर सपाट. गंगूबाई खिडकीतून बघत राहिली. म्हणाली, ओहोटीला चिखल सुकतो तशाच भेगा आहेत. थोड्या वेळानं म्हणाली, वास कसा येत नाही? वारा उलटा आहे, असं श्रावणरावांच्या ओठांवर आलं होतं. तीस वर्षांची सवय. त्यांनी ओठ चावला. चाकामागे बसलेल्या रामरावांना सगळं उमगलं. टिंगल करायची एवढी मोठी संधी त्यांना जन्मात मिळाली नव्हती, आणि ते एक अक्षर बोलले नाहीत.

घरी चतुराबाईंनी तिला मिठी मारली आणि गोड्या पाण्याचा तांब्या पुढे केला. गंगूबाईनं दोन घोट घेतले आणि उठली. "आदी दर्या. मग च्या." अश्विन आंघोळीला गेला. बाकीचे चौघे, श्रावणरावांची पाग आणि नारळाची पिशवी घेऊन, जीपमधून शेतावर आले. सात वाजले होते आणि ऊन आत्ताच पाठीवर बसायला लागलं होतं.

तळ्याच्या बांधावर गंगूबाई काठी टेकत चढली. चढून उभी राहिली. खाली वीस मीटर लांब आणि तेवढंच रुंद पाणी, एका कोपऱ्यात हिरवी जाळी, पाणी उतरून दिसायला लागलेले माठांचे काठ, पलीकडे पुन्हा शेत, आणि शेतापलीकडे शेत.

"ह्ये काय?"

"शेततयं हाय, मावशी."

"दर्या कुटं?"

श्रावणरावांनी चप्पल काढली. का काढली ते त्यांनाही सांगता यायचं नाही. "मावशी, इथं दर्या नाई. कधीच नव्हता. गावाचं नाव तेवढं दर्यापूर. तू त्या दिवशी समजली, अन् मी बोललो नाई. सात जणांनी आडनाव इचारून दार लावलं होतं. तू गावाचं नाव ऐकून दार उघडलं. मले वाटलं, खरं सांगतलं तर हेबी लागते."

गंगूबाई काठी आडवी ठेवून बांधावर बसली. नजर पाण्याकडे.

"ह्या अश्विननं मोबायलात नकाशा दाखवलान मला," ती शेवटी म्हणाली. "म्हनाला, आजी, तिकडं समुद्र नाय. मी म्हटलं, तुजा मोबायल चुकतो. दर्यापूर खोटं बोलत नाय."

श्रावणरावांना वाटलं, तिनं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत. चतुराबाई पुढे झाल्या. "आई, चुकी माहीबी हाय. मीबी गप राहिली."

"दर्या नसता तरी दिली असती खोली," गंगूबाई म्हणाली.

"तवा मले काय मालूम, मावशी? अन् मालूम झालं तवा लाज वाटली."

ती भुवया आवळून, हिशेब जुळवावा तशी विचारू लागली. "ओहोटीला लय खोल जातं म्हनालास."

"विहिरीचं पानी. उन्हाळ्यात जाते."

"होड्या कमी म्हनालास."

"कमीच हायेत."

"मासे बाजाराच्या दिवशी येतात."

"येतात ना. टोपलीत."

गंगूबाईच्या ओठाचा कोपरा हलला. तिनं तो दाबून धरला. "आनि खारं? जिबेवर ठेववत नाय म्हनालास."

उत्तराची वाट न बघता गंगूबाईनं काठी उचलली, उतारावरून पाय न उचलता, सरकवत सरकवत खाली गेली, चिखलात नांगी मारणारं काही असावं तशी. घोटाभर पाण्यात उभी राहिली. वाकून ओंजळ भरली आणि तोंडाला लावली. तिनं ते पाणी थुंकलं नाही, तोंडात घोळवत राहिली, आणि गिळलं.

"खारं हाय," ती म्हणाली. मागे वळून चतुराबाईंना म्हणाली, "खाडीचंच हाय ग. ह्यं हितं कुटनं आलं?"

उत्तर रामरावांनी दिलं. बांधावरून रोज भरती-ओहोटी विचारणारा तो माणूस, त्यानं डोक्यावरचं उपरणं काढून हातात घेतलं होतं. "आमचे जुने लोक सांगत, माय, का कधीकाळी इथं समुद्र होता. खरं-खोटं मले मालूम नाई. थो गेला अन् मीठ ठेवून गेला म्हणतात."

"गेला? मेला गेला कुटं?"

"तुमच्याकडे आला असन, कोकणात."

गंगूबाई हसली. आधी खांदे हलले, मग सगळं अंग. हसता हसता तिनं पदरानं डोळे टिपले, आणि ते कशानं ओले झाले होते हे तिनं कुणाला कळू दिलं नाही. मग हात मागे केला. "पिशवी दे."

चतुराबाईंनी पिशवी दिली. गंगूबाईनं नारळ काढला, दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला. नारळी पुनवेला खाडीच्या तोंडाशी जे पुटपुटायची तेच पुटपुटली, कुठलाही शब्द न गाळता. आणि पंच्याहत्तर वर्षांच्या हातात होता नव्हता तेवढा जोर लावून तिनं तो नारळ वीस मीटरच्या त्या पाण्यात मधोमध टाकला. डुबुक करून तो आत गेला आणि वर आला. लाटा गोल गोल पसरत चारी काठांना लागल्या. श्रावणराव कुठल्या देवापुढे हात जोडणारे नव्हेत. त्यांनी जोडले ते तिच्याकडे बघून. इतक्या वर्षांत तिचं देणं मानायला त्यांना शब्द सापडले नव्हते, आणि आत्ताही सापडत नव्हते. फक्त त्यांना या बाईच्या, या खाऱ्या जमिनीच्या, दर्यापूरला ज्या कुणी हे नाव ठेवलं त्या अनोळखी माणसाच्यासुद्धा पाया पडावंसं वाटत होतं.

गंगूबाईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती डोळ्यांवर हात धरून जाळीच्या सावलीकडे निरखून बघत होती. तिथं पाणी जरासं थरथरलं होतं, नारळाच्या लाटेनं नव्हे.

"तितं हायत," ती हळूच म्हणाली. "माटांतनं भायेर आलेत. ऊन चढलं की परत जातील." आणि मान न वळवता, पडवीतून हाक मारायची तशी तिनं हाक मारली. "ए दर्यापूर, रडतंस काय उबा ऱ्हाऊन? पाग आन."

"ओ," श्रावणराव म्हणाले, आणि अनवाणीच जीपकडे धावले.